पालथं

सूर्य उगवायच्या आत काढायचं असतं ते.
हे मला कोणी सांगितलं नव्हतं,
वाठोड्याच्या एका गच्चीवर एका झटक्यानं शिकवलं.
उजव्या हाताची करंगळी अजून थोडी बधिर आहे.

म्हणून आज पावणेपाचला, गोळीबार चौकाच्या मागे,
विणकर सोसायटीच्या तिसऱ्या माळ्यावर
मी, इद्रिस, एक टॉर्च, तेरा नंबरचा पाना
आणि बारा पॅनेलं, चोवीस उन्हाळ्यांची.

नागपुरात वय उन्हाळ्यांनीच मोजावं.
सत्तेचाळीस अंश खाऊन खाऊन
काचेआड चहा सांडल्यासारखा पिवळेपणा,
कोपऱ्यात एक करपलेला ठिपका,
मागच्या काळ्या डबीत पालीची दोन अंडी.
इद्रिसनं ती कागदाच्या पुडीत घेतली,
पाण्याच्या टाकीखाली ठेवली, आणि मग म्हणाला,
"भंगारवाला निस्ती फ्रेम घेते, ताई.
अॅल्युमिनियम तोलते, तांबं जाळून काढते,
काच भांडेवाडीले फेकते."

माहीत आहे.
जळत्या वायरीचा तो गोडसर, घशात बसणारा वास
आमच्या वस्तीत दिवेलागणीचा वास होता.
आई म्हणायची, खिडकी लाव.
खिडकीला दार नव्हतं.

सेक्रेटरी हेडाऊबाई कंदिलासारखा मोबाईल धरून वर आल्या.
जुन्या बॅटऱ्या कुठायत, मी विचारलं,
त्यातलं पाणी नालीत नका ओतू.
"ओतलं ना व माय, तवाच.
अंगणातला नीम वाळला मंग."
आणि थोडं थांबून: "याचे किती देशीन?"
मी सांगितलं, काकू, तुम्हालाच द्यावे लागतील.
काच वेगळी, पत्रा वेगळा, शिसं वेगळं करायचं,
बुटीबोरीपर्यंत गाडीभाडं.
"म्हंजे नेशीन बी तूच, अन् पैसे बी तुलेच?"

त्यांचं चुकत नव्हतं.
बसवताना नारळ फुटला असेल, पेढे वाटले असतील.
कोटेशनमध्ये काढण्याचा रकाना
मी तरी कुठेच पाहिला नाही.

सातव्या पॅनेलचा उजवा बोल्ट जागचा हलेना.
वीस मिनिटं. तेल, हातोडी, इद्रिसची शिवी.
शेवटी डावा सोडला, तर सगळंच सैल झालं.
पालथं केलं, आणि टॉर्चच्या गोलात
निळ्या पेंटची, काडीनं काढलेली अक्षरं:

*काढणाऱ्या भाऊ,*
*डावा आधी सोडजो. उजव्याचा आटा गेला आहे.*
*ध. नगराळे, बसवणारा.*

तारीख ओघळून गेलेली.
मी खाली बसून हसले.
बाबा रे, निरोप लिहिलास तो अशा जागी
की पॅनेल काढल्याशिवाय दिसूच नये.
आणि भाऊ नाही, बहीण आली.

पण लिहिलं त्यानं.
नव्या कोऱ्या काचेपाशी उभं राहून
तिच्या शेवटच्या दिवशी येणाऱ्या हातांचा
एवढ्या मोठ्या शहरात त्या एकानं विचार केला.

तेवढ्यात उशीर झालाच.
पारडीकडून ऊन आलं, तिरपं, कोवळं,
भिंतीला टेकवलेल्या बाराव्यावर पडलं.
मीटर लावला: अठरा व्होल्ट.
वायर तुटलेली, पंखा नाही, माग नाही,
छोटा हत्ती खाली हॉर्न देतोय,
आणि हे आपलं कामाला लागलेलं.

"पालथं घाल," मी म्हटलं.
इद्रिसनं आधी त्यावर चादर टाकली,
मग हळूच वळवलं, झोपलेल्याला कूस बदलावी तसं.

दुपारी नवीन आली, दुप्पट मोठी, काळीशार.
मी रंग मागवला.
मागे नाही, स्टँडच्या पायावर लिहिलं,
वर येताच दिसेल तिथे:

*काढणाऱ्या भावा किंवा बहिणी,*
*आटे सगळे नीट आहेत.*
*उजाडायच्या आत आटप.*
*टाकीखाली पाली असतील, पाहून पाय ठेव.*